एक उतरली, एक चढली

गाडी पुन्हा एका बसथांब्यावर उभी राहिली, तेव्हा लेकीने कपाळावर हात मारला.

"बाबा, ही बस नाही. आपली कार आहे, कार!"

"माहीत आहे."

"मग थांबलात कशाला?"

"थांबा आला."

बाबांनी उभा जन्म बस चालवली होती. थांबा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा, त्याला ते तरी काय करणार! मागच्या सीटवर लेकीच्या शेजारी मामा डुलक्या घेत होते. मामा म्हणजे बाबांचे मेहुणे आणि बाबांच्याच बसचे कंडक्टर. बाबांचं लग्नसुद्धा त्यांनीच जुळवलं होतं. "ड्रायव्हर सरळ आहे, वळणं तू शिकव," असं बहिणीला सांगून.

आज तिघं घरी निघाले होते. आई गेल्यापासून गावाकडचं घर बंद होतं, ते उघडायला. पुढची डावी सीट रिकामी होती. तिथे आई बसायची. 'तिथे बस' असं बाबा कुणाला म्हणाले नाहीत आणि कुणी बसलंही नाही. बाबांनी तर त्या बाजूला बघायचंच सोडलं होतं. डावीकडे वळायचं झालं की ते विचारत, "येतंय का कुणी?" आणि मामा झोपेतून सांगत, "जाऊ द्या."

लेक मात्र दर वळणाला स्वतः मान वळवून बघायची.

"आता शेवटचं सांगते," ती म्हणाली, "घरी पोचेपर्यंत एक जरी घोटाळा झाला ना, तर किल्ली माझ्याकडे. कायमची."

"नाही होणार."

बाबा एवढंच बोलले, पण त्यांनी दोन्ही हातांची पकड घट्ट केली. बस गेली होती, बायको गेली होती. हातात राहिलं होतं ते हे एक स्टिअरिंग.

"थांबलातच आहात तर पाणी घेऊन येते," म्हणत लेक उतरली. दार धाडकन लागलं.

दुपार कलली होती. काचेतून ऊन मांडीवर येऊन बसलं होतं. असल्याच उन्हात आई चप्पल काढून बसायची आणि सबंध रस्ता बोलत राहायची. हा पूल नवा झाला, त्या घराला रंग दिला, अहो हळू. बाबांना वाटायचं, ही जरा गप्प बसेल तर बरं. आता सगळा रस्ताच गप्प झाला होता. बाबांचे डोळे उघडे होते, पण मन कुठल्या तरी जुन्या वळणावर उभं होतं.

दार उघडलं. दार लागलं.

मामांनी झोपेतच बोटातली अंगठी काचेवर वाजवली. टक टक. डबल! म्हणजे कंडक्टरची 'चला, निघा' अशी घंटा.

डबल मिळाली की मागे बघायचं नाही, ही बाबांची नोकरीभराची शिस्त. गाडी निघाली.

थोडं अंतर गेल्यावर डावीकडून आवाज आला, "हळू घ्या हो जरा. पोटातलं पाणी हलतंय."

बाबांच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. इतके महिने ती गप्प होती, आज बोलली. मान वळवली तर जाईल, म्हणून त्यांनी नजर रस्त्यावर खिळवली आणि गाडी अशी अलगद चालवली की झोपलेलं मूलही जागं होऊ नये.

"ते मोठं झाड पाडलं वाटतं," आवाज म्हणाला.

"मागेच पाडलं. तू नव्हतीस तेव्हा."

"मी कुठे जातेय? इथेच तर असते."

बाबांचे डोळे भरून आले. समोरचा रस्ता पाण्यातून दिसावा तसा हलू लागला. असंच जात राहावं, घर लवकर येऊच नये, असं त्यांना वाटलं.

"त्या पाटीपाशी थांबवा. किती झाले?"

आईने असलं कधी विचारलं नव्हतं. बाबांनी डावीकडे पाहिलं. मांडीवर पिशवी घेतलेली एक अनोळखी म्हातारी बाई त्यांच्याकडे बघत होती.

"किती झाले?" हे शब्द कानावर पडताच मामांनी डोळे न उघडता विचारलं, "कुठून बसलात?"

"आत्ताच्या थांब्यावरून."

मग मामांनी डोळे उघडले. शेजारी लेकीचा फोन होता. लेक नव्हती.

"दाजी, पोरगी कुठाय?"

बाबांनी करकचून ब्रेक मारला. "तू डबल दिलीस!"

"दार लागलं म्हणून दिली! बाई, तुम्ही चढलात कशा?"

"गाडी थांब्यावर थांबली. एक उतरली, जागा झाली, मी चढले. यात माझं काय चुकलं?"

मामांनी विचार केला. "नियमाने बरोबर आहे."

"नियम गेला खड्ड्यात!" म्हणत बाबांनी गाडी वळवली. बाईंना उतरा म्हणावं, तर त्या म्हणाल्या, "मी नाही उतरणार. इतकी सावकाश गाडी मला जन्मात मिळाली नाही."

लेक थांब्याच्या बाकावर दोन बाटल्या घेऊन बसली होती. ती ओरडली नाही, रडली नाही. तिने नुसता हात पुढे केला. बाबांनी किल्ली दिली आणि मामांच्या शेजारी जाऊन बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

पाटीपाशी उतरताना बाई लेकीला म्हणाल्या, "आधीचा ड्रायव्हर चांगला होता. का गं बदललास?"

लेकीला हसू आवरेना. ते ओसरल्यावर ती म्हणाली, "बाबा, पुढे या."

बाबा बराच वेळ त्या दाराशी उभे राहिले. मग हळूच आत बसले. पायाखाली काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी वाकून पाहिलं. रबरी पायपुसणं उजव्या पायाच्या टाचेपुढे झिजून आरपार गेलं होतं, खालचा पत्रा दिसत होता. बाकी सगळं नव्यासारखं. कशानं झालं असेल, त्यांना कळेना.

तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि बाबांचा पाय आपोआप नेमका त्या भोकावर जाऊन दाबला गेला.

बाबा मागे वळले.

"अरे," ते मामांना म्हणाले, "माझ्या हातून कधी अपघात झाला नाही म्हणून मी जगाला सांगत फिरलो. ब्रेक तर तुझी बहीण लावत होती रे."

"माहीत होतं, दाजी," मामा मागून म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

लेकीने वेग वाढवला. बाबांनी पाय त्या झिजलेल्या जागी नीट बसवला आणि बायकोच्या आणि आपल्या, दोघांच्या वाटचा ब्रेक घट्ट दाबून धरला.