साळूबाईचा चुकीचा मेसेज

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळे प्राणी एकमेकांशी फार सभ्यपणे वागत. म्हणजे मोबाइलवर. समोरासमोर गाठ पडली की पूर्वीसारखेच एकमेकांना खात.

त्यांचा एक ग्रुप होता, 'सुसंस्कृत जंगल'. बगळेसाहेब त्याचे अॅडमिन. ग्रुपला त्यांनी एकवीस नियम घालून दिले होते.

साळूबाई नावाची साळिंदरीण त्या जंगलात नुकतीच राहायला आली होती. एका दुपारी तिचं धाकटं पिल्लू कंद उकरायला ओढ्यापलीकडे गेलं. तेवढ्यात वर डोंगरात पाऊस झाला आणि पाणी चढू लागलं. पिल्लू खडकावर बसून रडत होतं. बघता बघता खडक निम्मा बुडाला.

तिने ग्रुपवर लिहिलं, "नमस्कार. माझं पिल्लू ओढ्यापलीकडे अडकलंय. पायी ओलांडता येईल असा उतार कुठे आहे, कुणी सांगेल का? उपकार होतील."

बगळेसाहेबांनी लिहिलं, "स्वागत. नवीन सभासदाने आधी परिचय द्यावा. नियम चौथा."

घुबडगुरुजींनी लिहिलं, "यावर मागे सविस्तर चर्चा झालेली आहे. जुने मेसेज वाचावेत."

बिचारी मागे मागे वाचत गेली. सहाशे सुप्रभात झाले, रेडेमामांचे दोन वाढदिवस झाले, उतार काही लागेना.

सशाने लिहिलं, "छान प्रश्न." त्यावर चौदा जणांनी हात जोडले.

तेव्हा साळूबाईला सासूबाई आठवल्या. सासूबाईंना काही विचारलं की त्या तोंड फिरवून बसत. पण सूनबाई चुकीच्या जागी उकरायला लागली, की दुखरे गुडघे विसरून धावत येत आणि कंद नेमका कुठे आहे ते दाखवून देत. चार शब्द सुनावत, ते वेगळं.

साळूबाईने लिहिलं, "ओढ्याला उतार एकच, मोठ्या वडाखाली. ज्यांना एवढंही ठाऊक नाही, त्यांनी जंगलाच्या गप्पा मारू नयेत."

एका मिनिटात त्रेचाळीस उत्तरं आली.

"वडाखाली डोह आहे डोह," रानडुक्कर उसळलं. "उतार पळसापाशी."

"अभ्यास करून लिहावं," घुबडगुरुजी म्हणाले. "पळसापासून वीस पावलं वर, तीन सपाट खडकांवरून."

सशाने तर नकाशाच काढून पाठवला.

साळूबाई धावत पळसापाशी गेली, वीस पावलं वर चढली. तीन खडक होते. मधल्या खडकावर बगळेसाहेब एका पायावर उभे होते, मोबाइलमध्ये चोच घालून. ते रोज तिथेच उभे असत.

"जरा सरकता का, साहेब?" साळूबाई म्हणाली.

साहेब सरकले. "तुमचा परिचय राहिलाय हं," ते म्हणाले.

तिने पिल्लाला पुढे घालून अलीकडे आणलं. मग लिहिलं, "पिल्लू सुखरूप आहे. सर्वांचे मनापासून आभार."

त्याला कुणाचंच उत्तर आलं नाही. संध्याकाळी मात्र चुकीची माहिती पसरवल्याबद्दल तिला ग्रुपमधून काढण्यात आलं. नियम नववा.

तात्पर्य : बालमित्रांनो, ग्रुपवर नेहमी नम्रपणे विचारावं. फार घाई असेल, तर ठामपणे चुकावं. या कथेचं याहून वेगळं तात्पर्य निघतच नाही. ज्यांना एवढंही कळत नाही, त्यांनी बोधकथा वाचू नयेत.