सरकीचं वय

जनावराचे दात पाहून वय सांगण्यात जानरावांचा हात धरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं एक ठाम मत होतं. मत खुद्द जानरावांचंच होतं. पण ते इतकी वर्षं इतक्या मोठ्या आवाजात मांडलं गेलं होतं, की गल्लीनंही ते केव्हाच मान्य करून टाकलं होतं. तरुणपणी अचलपूरपासून वरूडपर्यंतचे बैलबाजार त्यांनी पालथे घातले होते. अंगठ्यानं बैलाचा खालचा ओठ खाली केला, आत एक नजर टाकली, की निकाल लागला. "दोनदाती." "चारदाती." "सगळे दात येऊन जुळला बावा हा, घेऊ नोको." दलालानं कितीही शपथा घ्याव्यात, जानराव दुसऱ्यांदा पाहत नसत.

आता शेत धाकट्या भावाकडे होतं आणि जानराव इंदूबाईंना घेऊन अमरावतीच्या एका कॉलनीत राहत होते. दात पाहायला जनावर क्वचितच मिळे. ही उणीव त्यांच्या नातीनं, पायलनं भरून काढली.

पायल अकोल्याला शेतकीचं शिकत होती. तिथल्या खोलीवर तिनं एक सशीण पाळली होती. राखी रंगाची, अंगाला पांढरं तूस चिकटल्यासारखी, म्हणून तिचं नाव सरकी. उन्हाळा लागला आणि परीक्षेचा अभ्यास डोक्यावर आला, तेव्हा पायल सरकीला आजी-आजोबांकडे सोडायला आली. सोबत सुकलेल्या गवतानं ठासून भरलेलं एक पोतं होतं. परत निघताना ऑटोत एक पाय टाकून ती म्हणाली, "आबा, पोत्यातलं गवत सरकीसाठी आहे बरं. विसरू नोका."

जानराव विसरले नाहीत. वऱ्हाडातला उन्हाळा, त्यात इवलासा केसाळ जीव, आणि घरच्या कूलरचं गवत तर पार झडून गेलेलं. नातीनं किती पुढचा विचार केला, याचं त्यांना मोठं कौतुक वाटलं. त्यांनी त्याच दुपारी कूलरच्या तिन्ही बाजू खोलल्या, जुनं गवत फेकलं आणि पोत्यातलं गवत दाबून दाबून भरलं. सरकी कूलरपुढे कान मागे टाकून पसरली. घरभर शेताच्या बांधासारखा वास सुटला.

इंदूबाईंना जरा शंका आली. "अवो, हे गवत तिच्या खायाचं तं नसन?"

"इंदू, गवत ढोर खाते. हे काय ढोर आहे? हे आपल्या पायलची सरकी आहे."

नातीच्या सरकीला गवत घालणं म्हणजे पाहुण्याला ओसरीवरच बसवून ठेवण्यासारखं होतं. त्यामुळे सरकीसाठी दूध-पोळी आली, पिकलं केळं आलं, सकाळच्या चहात बुडवलेला टोस्ट आला. शेजारी गोवर्धन भाजीचा मळा करायचा. तो रोज सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणून देई. जानराव चष्मा लावून सांबाराचे देठ खुडत आणि कोवळी पानं तेवढी सरकीपुढे ठेवत. देठ तिच्या तोंडाला टोचतील, ही काळजी.

सगळं छान चाललं होतं, आणि मग सरकीचं खाणं कमी झालं. वाटीजवळ यायची, हुंगायची, तोंड लावायची आणि मागे सरकायची. हनुवटी सारखी ओली. जानरावांनी बाह्या सरसावल्या. बऱ्याच दिवसांनी हाताला काम आलं होतं. सरकीला मांडीवर घेऊन त्यांनी अंगठ्यानं तिचा ओठ बाजूला केला आणि ते चमकले.

"बाप्पा!"

"काय झालं?" इंदूबाई स्वयंपाकघरातून धावल्या.

"हे पाह्य. गुरांले समोरचे दात फक्त खाली असतेत. हिले वर बी आहेत आन् खाली बी. आन् लांबी पाह्य, विळ्यावानी वाकले. इंदू, हे पोट्टी नाही. हे बुढी आहे."

"पायल तं दोन वर्षांची म्हणे."

"पायलले फसवलं कोणीतरी. बाजारात शिंगं घासून म्हातारा बैल गोऱ्हा म्हणून विकतेत, तसं. जुळून जमाना झाला हिले. आता काही खरं नाही."

निकाल लागला होता. तो संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचला. जानरावांनी दात पाहिले म्हणजे पाहिले, त्यावर कोणी अपील करत नसे. इंदूबाईंनी एकदा डॉक्टरचा विषय काढून पाहिला. जानराव खिन्नपणे म्हणाले, "म्हातारपणाले काय औषध असते? जेवढे दिवस आहेत तेवढे सुखानं जाऊ दे."

आणि मग सरकीच्या सुखाला पारावार राहिला नाही. गल्लीतल्या बायका भेटायला येऊ लागल्या. कोणी तुपातला शिरा आणला, कोणी मऊ खिचडी. पलीकडच्या चतुराबाई गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या, तोंडात औषधालाही दात नाही. त्यांनी सरकीकडे बराच वेळ पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. "माह्यासारखीच गत व माय तुही," असं म्हणून त्या घरी गेल्या आणि स्वतःसाठी दुधात कुस्करलेली भाकर अर्धी काढून घेऊन आल्या. सरकीनं त्या भाकरीत फक्त नाक बुडवलं. चतुराबाईंनी पदरानं आधी तिचं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे.

पायलला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे सर्वानुमते ठरलं. पोरीची परीक्षा. पण पायल रोज व्हिडिओ कॉल करायची. जानरावांनी त्यावर उपाय काढला. ते सरकीला पाठमोरी धरत.

"आबा, तिचं तोंड दाखवा ना."

"लाजून राहिली ते."

"माह्यापासून लाजते?"

"वय झालं की..." इंदूबाईंनी कोपरानं ढोसलं, तसे जानराव सावरले. "म्हंजे, वयात आली की लाजतेच ना पोरी."

अशा रीतीनं दिवस जात होते. एके दिवशी मात्र सरकीनं सांबाराच्या पानालाही तोंड लावलं नाही. कूलरसमोरची जागा सोडून ती पलंगाखाली कोपऱ्यात अंग चोरून बसली. जानराव तिच्याजवळ फरशीवर आडवे झाले आणि बोटाच्या टोकानं तिला केळं देऊन पाहिलं, साखरेचं पाणी देऊन पाहिलं. तिनं दात करकर वाजवले आणि डोळे मिटून घेतले. आयुष्यात किती बैल आले आणि गेले, जानरावांनी कधी असं जमिनीवर झोपून कोणाची विनवणी केली नव्हती. त्यांना फार वाईट वाटत होतं. पायल परत येईल, 'आबा, माही सरकी कुठं आहे' म्हणेल, आणि आपण काय सांगायचं? तिच्या भरवशाचं माणूस म्हणून तिनं जीव आपल्या हाती दिला होता.

सकाळी ते उठले ते ठरवूनच. "इंदू, मी हिले अकोल्याले घेऊन जातो. जिवात जीव आहे तोवर पोरीची भेट झाली पाह्यजे."

भाजीच्या टोपलीत ओलं फडकं अंथरलं, त्यावर सरकीला ठेवलं. गोवर्धन स्टँडपर्यंत सोडायला आला. एसटीत जानराव टोपली मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी काय आहे विचारलं, तर सगळी हकीगत सांगितली. बाईंनी ती पुढच्या सीटवर सांगितली, आणि मूर्तिजापूर यायच्या आत अख्खी गाडी हळू आवाजात बोलू लागली. कंडक्टरनं सावलीकडची जागा करून दिली. ड्रायव्हरही खड्ड्यांत जरा बेतानं घेऊ लागला, असं जानरावांना तरी वाटलं.

पायल पेपर देऊन बाहेर आली तेव्हा फाटकाशी आबा टोपली धरून उभे. तिनं टोपलीत पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"पोट्टी, मन घट्ट कर," जानराव म्हणाले. "तुले कोणीतरी बुढी सशीण देली. मी दात पाह्यले."

पायलनंही दात पाहिले. पण ती रडली नाही. तिनं टोपली हातात घेतली आणि आबांना जवळजवळ ओढतच जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर गीतांजली म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी लहानशी बॅटरी घेऊन सरकीच्या तोंडात बराच वेळ पाहिलं.

"वय किती?"

"दोन वर्षं," पायल म्हणाली. आबांनी मान खाली घातली, पोरीचा गैरसमज अजून गेलेला नव्हता.

"बरोबर. आजोबा, सशाचे दात जन्मभर वाढतच राहतात. गवत चावलं की घासून जागेवर राहतात. मऊ खात राहिला की वाढून वाकडे होतात. हिच्या दाढांना तर टोकं आली आहेत, ती जिभेत रुततात. म्हणून लाळ गळते. भूक असून खाता येत नाही. काय खायला देत होतात?"

जानरावांनी सांगायला सुरुवात केली. दूध-पोळी आणि केळ्यापर्यंत डॉक्टरांनी ऐकलं. शिऱ्याला त्यांनी बॅटरी बंद केली.

"आबा, आन् गवत?" पायलनं विचारलं. "मी पोतंभर गवत देलं होतं. गवत देलं ना?"

"देलं ना."

"किती?"

"सगळं देलं. कूलरमधी."

डॉक्टरांनी मास्क वर ओढला, तो कामासाठी की हसू लपवायला, ते कळलं नाही. पण लगेच त्या गंभीर झाल्या. सशाचं पोट रिकामं राहिलं की बंद पडतं, आजचा दिवस गेला असता तर काही करता आलं नसतं. आता गुंगी देऊन दात घासावे लागतील. अशक्त जीव आहे, भूल झेपेलच असं सांगता येत नाही.

सरकीला आत नेलं. जानराव आणि पायल बाहेर बाकावर बसले. पायल रागावलेली होती आणि समोरच्या भिंतीकडे पाहत होती. जानरावांच्या मांडीवर रिकामी टोपली होती.

"पोट्टी, मी तिले उपाशी मारून राहिलो होतो," ते शेवटी म्हणाले.

पायलनं त्यांच्याकडे पाहिलं. आबांचे डोळे भरलेले तिनं कधी पाहिले नव्हते. ती सरकून जवळ बसली. "उपाशी नाही, आबा. लाडानं मारून राहिले होते." आणि तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

आतून दात घासायच्या यंत्राची मधमाशीसारखी बारीक घरघर ऐकू येत होती, मग ती थांबली. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. सरकी टॉवेलात गुंडाळलेली, डोळे अर्धे उघडे, एक कान वर आणि एक खाली. पिचकारीनं थोडं पातळ खाद्य पाजलं. ऊन कलेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले. मग डॉक्टरांनी गवताची एक बारीक काडी तिच्या नाकाशी धरली. सरकीनं हुंगलं, ओठ हलवले, आणि काडी हळूहळू आत जाऊ लागली. कुरकुर आवाज आला. जानरावांना तो आवाज आयुष्यभर ऐकत बसावासा वाटला.

पुढचे काही दिवस औषध द्यायचं होतं, म्हणून पायलनं सरकीला आपल्याकडे ठेवून घेतलं. आबांकडे पुन्हा द्यायची तिची छाती होत नव्हती, असाही त्याचा अर्थ होता, पण तो तिनं सांगितला नाही आणि त्यांनी विचारला नाही.

परतीच्या गाडीत इंदूबाईंचे फोनवर फोन आले. जानरावांनी उचलले नाहीत. काय सांगणार? सरकी वाचली हे सांगायचं, तर ती कशानं मरायला टेकली होती तेही सांगावं लागणार. त्यांनी फोन खिशात टाकला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. फोन उचलत नाहीत म्हटल्यावर गल्लीनं जो अर्थ काढायचा तो काढला. पायलला फोन करायची तर कोणाचीच हिंमत झाली नाही.

जानराव रिकामी टोपली घेऊन गल्लीत शिरले, तेव्हा सगळे त्यांच्याच अंगणात बसलेले होते. गोवर्धननं उठून टोपली हातातून घेतली आणि खांद्यावर हात ठेवला. इंदूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, म्हणून चतुराबाईंनी आपल्या घरून पिठलं-भाकर करून आणली होती. त्यांनी ताट समोर ठेवलं.

"भरल्या वयात गेली, जानराव. सेवेत कमी नाही पडले तुमी. सोनं झालं तिचं. खा दोन घास."

जानराव सकाळपासून उपाशी होते. गप्प बसले असते तर सगळंच निभावलं असतं. सरकी म्हातारी होऊन गेली असती, त्यांचा शब्द खरा ठरला असता, आणि पिठलंही गरम होतं. त्यांनी घास तोंडात घातला. समोर चतुराबाई डोळे पुसत बसल्या होत्या. त्यांनी हात ताटातून मागे घेतला.

"जिवंत आहे ते," जानराव म्हणाले.

"आँ?"

"सरकी. जिवंत आहे. गवत खाऊन राहिली तिथं. दोन वर्षांचीच आहे. माह्यं चुकलं. मऊ खाऊ घालून घालून मीच तिचे दात वाढवले." एवढं बोलल्यावर त्यांना हलकं वाटलं.

आतून इंदूबाई धावत आल्या. चतुराबाई तर आनंदानं रडायलाच लागल्या, आणि आता ताट परत न्यायचं की राहू द्यायचं हे त्यांना कळेना. सगळीकडे हसू फुटलं. जानरावांना वाटलं, झालं, सुटलो. माणसं आपलीच आहेत.

फक्त गोवर्धन हसत नव्हता. तो टोपली हातात धरून कसल्याशा विचारात उभा होता.

"जानरावभाऊ, एक विचारू?"

"विचार ना."

"मागच्या पोळ्याच्या आधी मी मळ्यासाठी बैल घेतला. तुमी दात पाहून चारदाती सांगतला, म्हणून घेतला. तो रोज दुपारपासूनच म्हाताऱ्यावानी बसून राह्यते."

सगळ्यांच्या माना जानरावांकडे वळल्या.

"बैलाचं अलग असते, गोवर्धन," जानराव म्हणाले.

"असन. पण हे बी तुमीच सांगून राहिले ना."

जानरावांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात कोंबला, आणि कितीतरी वेळ चावत बसले.