लाल बदामाखालचा खड्डा

आमच्या घरी एसी बसवण्याचे काम अठरा एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी यशस्वीरीत्या पूर्ण झाले. एसी बसवणारा माणूस साडेअकराला आला.

ओटीपी त्याने फोनवरच मागून घेतला होता. "द्या ना मॅडम सांगून. मी फाटकापाशीच हाव. टायमात क्लोज नाही केलं तर सिस्टममदी मले लाल दाखवते." सिस्टमने कुणाला लाल दाखवावे अशी माझी इच्छा नव्हती. मी आकडे सांगितले आणि लगेच मोबाईलवर अभिनंदन आले : आपला एसी प्रशिक्षित तंत्रज्ञाने सुरक्षितपणे बसवला आहे, कृपया पाच तारे द्या. त्या वेळी एसी खोक्यात होता आणि मी माझ्या तेरा महिन्यांच्या मुलीच्या, निधीच्या, तोंडातून खोक्याचा थर्माकोल काढत होते.

अकोल्यात एप्रिलमध्ये एसी का लागतो, हे सांगण्याची गरज नाही. निधीच्या पाठीवर घामोळ्यांचा नकाशा उमटला होता. कूलरला रोज दोन बादल्या पाणी लागते आणि आमच्या भागात नळ पाचव्या दिवशी येतो. शिवाय आमच्या 'शीतलछाया' अपार्टमेंटच्या बारा फ्लॅटपैकी अकरांत एसी होता. लोक आमच्या कूलरकडे पाहुण्याच्या फाटक्या बनियनकडे पाहावे तसे पाहायचे, म्हणजे न पाहिल्यासारखे करून नीट पाहायचे.

तंत्रज्ञाने बाहेरचा डबा बाल्कनीच्या लोखंडी रेलिंगला टांगला.

"भाऊ, भिंतीवर नाही का बसत?"

"भिंत पोकळ वाजून राहिली मॅडम. रेलिंग मजबूत हाय."

पाकिटात चार बोल्ट होते, त्याने तीन लावले. चौथा स्पेअर असतो म्हणे. तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर तो एका हाताने रेलिंग धरून उभा होता. सेफ्टी बेल्ट कुठे आहे, असे मी विचारले. "हाय ना, गाडीत हाय." त्याचीही आई असेल, या विचाराने मला घाम फुटला. त्याला फुटला नाही.

एसी सुरू झाला, खोली गार झाली. मी बाल्कनीत जाऊन रेलिंगला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"भाऊ, शॉक लागून राहिला."

त्याने बोट लावून पाहिले. "हो, जरासा हाय." मग माझ्या पायांकडे पाहिले. निदान सापडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर पसरला. "मॅडम, चप्पल घालत जा ना!"

निधी त्याच आठवड्यात उभी राहायला शिकली होती. उभे राहण्यासाठी तिने साऱ्या घरातून एकच वस्तू पसंत केली होती : ते रेलिंग. तिथून कबुतरे दिसतात.

मी बाल्कनीचे दार लावले. माझे पती केयूर बँकेतून येताना टेस्टर घेऊन आले. टेस्टरचा दिवा रेलिंगवर लागला. फ्रिजच्या हँडलवर लागला, वॉशिंग मशीनवर लागला, निधीच्या खिडकीच्या जाळीवरही लागला. केयूरने घराचा मेन स्विच बंद केला, एसी बंद, पंखा बंद, सगळे बंद. टेस्टर लागलेलाच.

"आता ही वीज कोणाची म्हणायची?" केयूर म्हणाले.

त्या दिवसापासून टेस्टर निधीच्या थर्मामीटरशेजारी राहू लागला. सकाळी आधी तिचा ताप पाहायचा, मग फ्रिजचा.

कंपनीच्या ॲपवर तक्रारीचे चार प्रकार होते : थंड होत नाही, आवाज येतो, पाणी गळते, रिमोट चालत नाही. शॉक नव्हता. मी 'इतर' निवडले. एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, एसी कूलिंग करतोय?"

"कूलिंग उत्तम आहे. पण हात लावला की—"

"कूलिंग उत्तम, थँक यू मॅडम."

संध्याकाळी संदेश आला : ग्राहकास पादत्राणांबाबत मार्गदर्शन करून तक्रार बंद करण्यात आली आहे.

मग मी सोसायटीचे अध्यक्ष बापूसाहेब यांच्याकडे गेले. बापूसाहेब निवृत्त वकील आहेत. चाळीस वर्षे त्यांनी कोर्टात तारखा मागितल्या. आता ते सोसायटीत देतात.

"शॉक हा शब्द अर्जातून काढा," ते म्हणाले. "शॉक म्हटलं की जबाबदारी निश्चित करावी लागते. 'संवेदना' लिहा."

मी संवेदना लिहिले.

"आता मुद्द्यावर येऊ. अकरा एसींपर्यंत ही इमारत सुरक्षित होती. बारावा तुमचा. म्हणजे कारण कोण?"

"पण आमचा मेन बंद केला तरी—"

"सूनबाई, युक्तिवाद नको. घरात गृहिणीने चप्पल घालण्यात कमीपणा आहे का? आमच्याकडे सौभाग्यवती गेली दोन वर्षं फ्रिज उघडताना चप्पल घालतात. कधी तक्रार नाही."

म्हणजे बारावा एसी येण्याच्या दोन वर्षे आधीपासून बापूसाहेबांच्या फ्रिजला संवेदना होती. हे मी बोलले नाही. मोठ्यांना त्यांचीच साक्ष वाचून दाखवू नये, असे आमच्या अमरावतीच्या माहेरी शिकवतात.

आठवडाभरात परिपत्रक क्रमांक सात निघाले. "सर्व रहिवाशांनी धातूच्या वस्तूंस स्पर्श करताना रबरी पादत्राणे परिधान करावीत. जे रहिवासी अद्याप चालू लागलेले नाहीत, त्यांच्या गुडघ्यांची व्यवस्था पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर करावी." ते लिफ्टच्या दारावर चिकटवले होते. लिफ्टचे दार लोखंडी आहे. चिकटवणाऱ्याला संवेदना झाली, म्हणून एक कोपरा सुटा राहिला.

जिना पुसणाऱ्या गोदाबाई या परिपत्रकात बसत नव्हत्या, कारण त्या रहिवासी नाहीत. त्यांना परिपत्रक क्रमांक चार लागू होते : कामवाल्यांनी चपला गेटबाहेर काढाव्यात. त्या अनवाणी, ओल्या फडक्याने, बारा घरांचे दरवाजे आणि जिन्याचे कठडे पुसायच्या. मी ही विसंगती बापूसाहेबांना दाखवली.

"विसंगती नाही," ते शांतपणे म्हणाले. "चार क्रमांक स्वच्छतेचा, सात क्रमांक सुरक्षेचा. विषय वेगळे आहेत. आणि गोदाबाई कठडा पुसतात. स्पर्श करत नाहीत."

शेवटी मी धम्मदीपला बोलावले. धम्मदीप लायसन्स असलेला वायरमन आहे. त्याने आमच्या घरात काही उघडले नाही, सरळ खाली मीटररूममध्ये गेला आणि दहा मिनिटांत वर आला.

"ताई, तुमचा एसी बरोबर हाय. अर्थिंग मेलं हाय."

"म्हणजे?"

"पाहा. बारा घरी थोडाथोडा करंट गळतेच. जुना फ्रिज, गिझर, मिक्सर. थो सगळा एका तारेनं खाली जमिनीत जाते. जमिनीत खड्डा असते, मीठ-कोळसा भरेल. थो खड्डा ओला पाह्यजे. उन्हाळ्यात पाणी टाकावं लागते. तुमचा खड्डा कोयड्डा पडला. मंग करंट जाईन कुठी? ज्या तारेनं खाली गेला, त्याच तारेनं वापस बारा घरी वाटून जाते."

सोसायटी झाल्यापासून बारा घरांत समान वाटप झालेली ही पहिलीच गोष्ट.

"आज झिणझिण्या येतात," तो म्हणाला. "ज्या दिवशी कोणाच्या गिझरची कॉइल फुटन, त्या दिवशी झिणझिण्या नाही येनार. मानूस चिकटन. तुमचा फ्रिज बंद असो का चालू."

"खड्डा कुठे आहे?"

त्याला माहीत नव्हते, बापूसाहेबांना माहीत नव्हते, नकाशातही नव्हता. गोदाबाईंना माहीत होता.

"थो का, तठी!" त्यांनी फडक्याने गेटकडे दाखवले. "आधीचे सेक्रेटरी सांगत, गोदाबाई, फरशी पुसल्याचं पाणी नालीत नको टाकू, या पायपात टाक. सात साल मीच टाकत होती. मंग यायनं अक्षरं बसोली न मले हाकललं. म्हने फोटोत बादली येते."

गेटजवळ फरसबंदीवर स्टीलची माणसाएवढी अक्षरे आहेत : 'आय लव्ह शीतलछाया'. लव्हच्या जागी लाल बदाम आहे, त्यात दिवे लागतात. खड्डा बरोबर त्या बदामाखाली होता.

विशेष सभा बोलावण्यात आली. विषय : अर्थिंगच्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी ओतणेबाबत. धम्मदीपला सभेत येऊ दिले नाही; तो सभासद नव्हता. पहिल्याच मिनिटाला खुशालराव उठले. ते दर रविवारी पाइप लावून गाडी धुतात.

"पाणी म्हणजे जीवन आहे!" ते म्हणाले. "इथं माणसाले प्याले नाही, अन् तुमी जमिनीले पाजून राहिले?"

टाळ्या पडल्या. मी म्हणाले की फरशी पुसल्याचे पाणीही चालते. त्यावर आक्षेप आला की बदाम हलवावा लागेल. बदामाचे उद्घाटन एका माननीयांच्या हस्ते झाले आहे, कोनशिलेवर त्यांचे नाव आहे आणि त्यांचे नाव हलवण्याची पद्धत नाही. अखेर 'अर्थिंग जलसिंचन अभ्यास समिती' नेमली गेली. समितीने सात जूनपर्यंत अहवाल द्यावा, असे ठरले. सात जूनला पाऊस येतो. फरसबंदीखाली तो कसा उतरणार, हे कोणी विचारले नाही.

मे महिन्याच्या नऊ तारखेला मी निधीला अंघोळ घालून पलंगावर ठेवले आणि टॉवेल घ्यायला वळले. वळले, एवढेच. ती पलंगावरून उतरली, पलंग धरत ओल्या पावलांनी खिडकीशी गेली आणि कबुतर पाहायला दोन्ही हातांनी जाळी धरली. मी वळून पाहिले तेव्हा ती मागे पडत होती. पडून बसली. तोंड उघडे होते आणि आवाज येत नव्हता. तो आवाज यायला किती वेळ लागला, हे मी आजही कोणाला सांगू शकत नाही. घड्याळात एखादा क्षण झाला असेल. मग ती रडली, आणि त्या रडण्याइतके गोड मी आयुष्यात काही ऐकलेले नाही.

डॉक्टर म्हणाले, काही नाही झालं. बापूसाहेब म्हणाले, पायात चप्पल होती का?

दुसऱ्या दिवशी मी धम्मदीपला सांगितले, आमच्यापुरते काय करता येईल ते कर. इमारतीच्या मागे, भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यात त्याने खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, पाइप उभा केला, आमच्या घरापर्यंत वेगळी तार आणली आणि आमची जुनी तार त्या सामाईक तारेतून सोडवली. गळती झाली की वीज तोडणारा स्विच बसवला. एसीच्या डब्याला चौथा बोल्ट लावला. मग त्याने टेस्टर माझ्याच हातात दिला. रेलिंग, फ्रिज, मशीन, जाळी. कुठेही लागला नाही. मी प्रत्येक जागा तीनदा पाहिली. निधीच्या अंघोळीचे पाणी मी त्या पाइपात ओतू लागले.

जाताना धम्मदीप दारात थांबला. "ताई, तुमचं झालं. बाकी अकरा घरी तसंच हाय. गोदाबाई रोज ओल्या हातानं फिरते. मी लेखी देतो. तुमी मीटिंगमदी वाचून दाखवा, तुमचं ऐकतीन ते." त्याने सही-शिक्क्यासह कागद दिला. मी तो निधीच्या लसीकरणाच्या फाइलीत जपून ठेवला.

जूनची सभा बापूसाहेबांच्या हॉलमध्ये, एसीत झाली. समितीचा अहवाल तयार नव्हता. समितीला पाण्याची बादली नमुन्यादाखल मिळाली नव्हती. पहिल्या मजल्यावरची पायल सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आली होती. तिने ठराव मांडला : बदाम काढावा, खड्डा उघडावा, गोदाबाईंनी पूर्वीसारखे त्यात पाणी टाकावे. तिचा आवाज थरथरत होता. मला तो ओळखीचा वाटला.

"अदितीताई, तुमी सांगा ना यायले," ती म्हणाली. "तुमच्या निधीले तर लागला होता."

बापूसाहेबांनी चष्मा वर केला. "मूळ तक्रारदार तुम्हीच. आपणांस सध्या काही संवेदना आहे?"

निधी माझ्या मांडीवर झोपली होती. पाठीवरची घामोळी गेली होती. मागच्या पट्ट्यातल्या खड्ड्याला सोसायटीची परवानगी मी घेतलेली नव्हती. खड्ड्यांचा विषय निघाला असता तर तोही निघाला असता. आणि मी खोटे बोलत नाही.

"सध्या नाही," मी म्हणाले.

पायलने माझ्याकडे पाहिले. मग तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि खाली बसली. दाराबाहेर गोदाबाई पितळी कडी पुसत होत्या. पुसताना त्यांनी एकदा हात झटकला आणि पुन्हा पुसू लागल्या.

"ठरावाच्या बाजूने कोण?" बापूसाहेबांनी विचारले. पायलचा हात अर्धा वर आला, इकडेतिकडे पाहून खाली गेला. इतिवृत्तात 'एकमताने नामंजूर' असे लिहिण्यात आले.

मग सह्यांसाठी वही फिरली. बापूसाहेबांनी सही केली, खुशालरावांनी केली. मी निधी जागी होऊ नये म्हणून डाव्या हाताने वही धरली आणि माझ्या नावापुढे केली. तुम्ही माझ्यावर चिडला आहात, हे मला दिसते आहे. चिडायलाच हवे. फक्त त्याआधी थोडे सरकून बसा आणि ही वही घ्या. तुमच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे, आणि मागचे लोक खोळंबले आहेत.