बुधवारची हजेरी

शनिवार, मे महिन्यातला दुसरा. दुपारी चार वाजता, आमच्या घरी, बेसमेंटमध्ये.
उपस्थित: मी (मंजिरी, मंडळाची चिटणीस), माझा नवरा सुधीर, डॉक्टर नलूमावशी, निखिल आणि श्रेया.
अनुपस्थित: वऱ्हाडपांडे काका. सकाळी कळवून.
विषय: निखिल-श्रेयाचा निरोपसमारंभ. कोणी काय आणायचं.

वहीत एवढं लिहून झालं आणि पस्तीस मिनिटांत मीटिंग सोडून द्यावी लागली. ते का, हे सांगायचं तर आधी काकांची ओळख करून द्यायला हवी.

आमचं गाव ओहायोत आहे. पूर्वी इथे मक्याची शेतं होती, आता एकाच साच्यातली घरं आहेत. दर बुधवारी दुपारी बारा वाजता इथे टोर्नेडोचा, म्हणजे बेसमेंटमध्ये पळायला लावणाऱ्या चक्रीवादळाचा, सायरन तपासून बघतात. भोंगा वाजतो, थांबतो. कोणी मान वर करत नाही, कुत्रीसुद्धा कूस बदलत नाहीत. वऱ्हाडपांडे काका मात्र त्या भोंग्यावर गावातल्या मराठी माणसांची हजेरी घेतात. चौदा घरं, चौदा फोन.

"चार नंबर! मंजिरी, खाली गेली का?"

"काका, टेस्ट आहे ती. मी ऑफिसमध्ये आहे."

"मज्जाक आहे का? ऑफिसला बेसमेंट नाही? किती माणसं आहे तुझ्यासोबत?"

"एकटीच आहे."

"एक माणूस. लिहून घेतलं. वर ये आता."

फोन संपवायची त्यांची हीच पद्धत. 'ठेवतो' नाही, 'बाय' नाही. 'वर ये आता.' मी त्या वेळी सहाव्या मजल्यावर असते.

काका मूळचे नागपूरचे. उभा जन्म पुलांचे इंजिनिअर म्हणून काढला, त्यामुळे कुठलीही गोष्ट पडू शकते यावर त्यांचा गाढ विश्वास. तीन वर्षांपूर्वी कुसुमकाकू गेल्या. तेव्हापासून चार बेडरूमच्या घरात एकटे राहतात. गावाबद्दल त्यांचं मत काय, हे आजवर कोणालाच कळलेलं नाही, कारण समोरचा जे म्हणेल त्याच्या उलट बोलायचं हा त्यांचा नेम. सुधीरला इथलं सगळं आवडतं. तो एकदा म्हणाला, "काका, लॉन कापलं की डोकं कसं शांत होतं." काका म्हणाले, "गवत स्मशानातही छान असते, बापा." त्याच आठवड्यात श्रेया त्यांच्याकडे कुरकुरली, की संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर एखादा माणूस दिसला तर पोलिसांना फोन करावासा वाटतो, इतकं हे गाव सुनं आहे. तर तिला अंगणात नेऊन म्हणाले, "मान वर कर. एवढं आभाळ तुला पुण्यात कोणी दिलं होतं?"

फोन मात्र एक बुधवार चुकला नाही. तक्रारी वाढल्या तेव्हा मंडळात मी ठराव मांडला, की फोन यायचेच असतील तर निदान शिस्तीत येऊ देत. मी यादी केली. एक ते चौदा घरं, फोन नंबर, माणसं किती, औषधं कोणती, कोणाची चावी कोणाकडे. काका वयानं सगळ्यांत मोठे आणि कल्पनाही त्यांचीच, म्हणून त्यांचं नाव मानानं अगदी वर, ठळक अक्षरांत घातलं. लग्नपत्रिकेत आजोबांचं घालतात तसं. यादी लॅमिनेट करून चौदा फ्रिजवर लावली आणि पंधरावी काकांना दिली.

आता तो शनिवार.

सकाळपासून आमच्या भागात वादळाचा 'वॉच' होता. वॉच म्हणजे येऊ शकतं. 'वॉर्निंग' म्हणजे आलंच, खाली पळा. इथे वॉच असताना लोक बार्बेक्यू करतात. काकांनी मला सकाळी नऊला सांगितलं, "मी आज घर सोडणार नाही. मीटिंग तुमची तुम्ही करा. आणि ते दोघं काहून चालले म्हणा एडिसनला?"

एडिसन म्हणजे गल्लोगल्ली देशी दुकानं असलेलं पूर्वेकडचं शहर. तोच प्रश्न नलूमावशींनी चार वाजता विचारला. मावशी चाळीस वर्षांपूर्वी सांगलीहून इथे आल्या. अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केली आहेत.

"मी आले तेव्हा तूरडाळीसाठी दीड तास ड्राइव्ह करावं लागायचं. आता चार दुकानं झाली, तर तुम्ही निघालात?"

"मावशी, तिकडे चालत जाऊन कोथिंबीर मिळते यार," निखिल म्हणाला.

"कोथिंबिरीसाठी घर विकतोस?"

"कोथिंबिरीसाठी नाही हो," श्रेया म्हणाली. "चालत जाण्यासाठी. इथे शेजारच्या बाईंना मी तीन वर्षांत चार वेळा भेटले. चारही वेळा त्या 'सो नाइस टु मीट यू' म्हणाल्या."

सुधीरनं तोंड उघडलं आणि भोंगा वाजला.

शनिवार होता, आणि घड्याळात चार पस्तीस. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. वॉर्निंग, सव्वापाचपर्यंत. आम्ही बेसमेंटमध्येच होतो, त्यामुळे पळायचं कुठेच नव्हतं. नुसतं एकमेकांकडे बघायचं होतं. वरच्या खिडकीतून दिसणारं आभाळ हिरवट झालं होतं. पहिली तीन घरं उरकून दोन-तीन मिनिटांत माझा फोन वाजला.

"चार नंबर! किती माणसं?"

"पाच, काका. मावशी आणि निखिल-श्रेया इथेच आहेत."

"म्हणजे अकरा आणि तेरा तुझ्याकडे. जिन्याखाली बसा, खिडकीपासून दूर. मी सांगेपर्यंत कोणी वर जायचं नाही."

त्या दिवशी कोणी 'टेस्ट आहे' म्हणालं नाही.

मी ग्रुपवर लिहिलं: काकांचा फोन आला की आपल्या घराचा आकडा टाका. पाच आला. सहा, सात. आठ नंबरच्या बाई पोळ्या तव्यावर तशाच सोडून खाली आल्या होत्या. त्यांनी लिहिलं, 'काका ओरडले, गॅस बंद केला.' मग नऊ.

मग वीज गेली. वर काहीतरी जड वस्तू घसरत गेल्यासारखा आवाज झाला. आमचं बार्बेक्यूचं ग्रिल अंगणभर फिरत होतं, हे नंतर कळलं. सुधीरनं टॉर्च लावला. मी ग्रुपवर विचारलं, 'दहा?'

दहा नंबरचं उत्तर आलं. 'आम्ही खाली आहोत. काकांचा फोन नाही.'

'बारा?'

'नाही.'

'चौदा?'

'नाही. काका बरे आहेत ना?'

"तू कर ना त्यांना फोन," सुधीर म्हणाला.

वहीत यादीची एक प्रत होती, तिच्यावर मी टॉर्च धरला. सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, वऱ्हाडपांडे काका. त्यांच्यापुढे नंबर नव्हता. घर क्रमांक नव्हता. माणसं किती, औषधं कोणती, काही नव्हतं. मी त्यांना मान दिला होता, त्या नादात यादीत घ्यायचंच राहिलं होतं.

फोनमध्ये त्यांचा नंबर होता, कारण त्यांचे फोन येत होते. बोटानं वर सरकवत गेले. बुधवार, बुधवार, बुधवार. सगळे आलेले. मी केलेला एकही नव्हता. मी तो घरच्या फोनचा नंबर लावला. नुसती शांतता, घंटीसुद्धा नाही. मोबाइल लावला. वाजून वाजून थांबला.

"यार, मी जातो," निखिल उठला. "दोन गल्ल्या तर आहेत."

"बस खाली," नलूमावशी म्हणाल्या.

"मावशी, एकटे आहेत ते."

"माहीत आहे मला. तू बाहेर उडालास तर माझे दोन पेशंट होतील. बस!"

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, दाराकडे तोंड करून. श्रेया त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरून होती. मी दर दोन-तीन मिनिटांनी मोबाइल लावत होते आणि प्रत्येक वेळी वहीत वेळ लिहीत होते. चार अठ्ठेचाळीस. चार पन्नास. या नोंदींचा कोणाला काही उपयोग नव्हता. सुधीरनंसुद्धा लॉनचं नाव काढलं नाही.

पाच सोळाला आम्ही बाहेर पडलो. चाव्यांच्या ड्रॉवरमधून मी काकांची चावी घेतली. काकूंनी दिलेली, तिला अजून त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. गाडी पहिल्याच वळणावर थांबवावी लागली, रस्त्यात फांद्या होत्या. पुढे मी आणि निखिल पळत गेलो. काकांच्या अंगणातलं मेपलचं झाड मुळासकट उन्मळून व्हरांड्यावर आडवं झालं होतं. पुढचं दार दिसतच नव्हतं.

मागच्या दारानं शिरलो. आत अंधार. ओट्यावर मोबाइल चार्जरला लावलेला, त्यावर माझे अकरा कॉल.

"काका!"

काही नाही.

"काका!" निखिलचा आवाज फाटला.

तेव्हा जमिनीखालून, अतिशय वैतागलेला आवाज आला.

"कोण आहे बे? नंबर सांगा!"

मी जिन्याच्या तोंडाशी वाकले. "चार नंबर, काका. आणि तेरा."

"दहाचं काय झालं?"

"दहा सुखरूप आहे."

"बारा? चौदा?"

"सगळे. चौदाच्या चौदा."



आम्ही खाली उतरलो. काका सायकलचं हेल्मेट घालून खुर्चीत बसले होते. मांडीवर यादी, हातात मेलेला फोन. आमच्याकडचे घरचे फोन आता इंटरनेटवर चालतात, वीज गेली की तेही जातात. काकांना हे ठाऊक नव्हतं, कारण बुधवारी कधी वीज जात नाही.

शेजारी दुसरी खुर्ची होती. तिच्यावर शाल, एक टॉर्च, पाण्याची बाटली आणि दुसरं हेल्मेट. जांभळ्या रंगाचं.

"काका, वॉर्निंग केव्हाच संपली," निखिल म्हणाला. "तुम्ही वर का नाही आलात?"

"मला कोण सांगणार संपली म्हणून? खाली जातानाचा भोंगा असते. वर येतानाचा नसते." त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडायचा प्रयत्न केला, जमला नाही. श्रेया आणि सुधीर तोवर मागून आले होते. श्रेयानं पुढे होऊन पट्टा सोडवला.

"कुसुम फार भ्यायची भोंग्याला," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "मी ऑफिसातून फोन करायचो. खाली गेली का? गेली. मग पुन्हा करायचो, वर ये आता. एकदा खरी वॉर्निंग होती. पहिला फोन केला आणि पुलाच्या साइटवर अडकलो. दुसरा राहून गेला. संध्याकाळी सातला घरी आलो तर ही इथे बसून. पाच तास! म्हटलं, वेडी का तू, वर काहून नाही आली? म्हणाली, तुम्ही सांगितलं नाही."

ते हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"खाली जा म्हणायला तर सरकारही भोंगा वाजवते. वर ये म्हणायला घरचं माणूस लागते."

मी चिटणीस आहे. अशा वेळी काय करायचं याची माझ्याकडे यादी नाही. मी म्हटलं, "काका, वर या आता."

ते ताबडतोब उठले.

रविवारी सकाळी सगळे झाड कापायला जमले. सुधीरनं करवत चालवली, नलूमावशींनी कोणाला काही होऊ नये म्हणून खुर्ची टाकून देखरेख केली. श्रेयाच्या शेजारच्या गोऱ्या बाई डोनट घेऊन आल्या आणि तिला पाचव्यांदा 'सो नाइस टु मीट यू' म्हणाल्या. श्रेया हसली. मी व्हरांड्याच्या उरलेल्या पायरीवर यादी सुधारायला बसले. वरचं ठळक नाव काढलं, खाली पंधरा नंबर घातला. वऱ्हाडपांडे काका, माणसं एक, औषध बीपीचं. पुढचा रकाना: यांना फोन कोण करणार?

"मी करते," मी म्हटलं.

"तू मीटिंगमध्ये असते," काका म्हणाले. सुधीर म्हणे लॉनवर असतो, त्याला काही ऐकू येत नाही. नलूमावशी उलट काकांचंच बीपी विचारत बसतील.

"आमचं नाव लिहा," श्रेया म्हणाली.

"तुम्ही जुलैत चाललात ना?" मी विचारलं.

तिनं निखिलकडे पाहिलं. तो फांद्या ओढत होता, थांबला. "फोन काय, एडिसनहूनही करता येतो," तो म्हणाला.

"झाड पडलं तर एडिसनहून येणार का बे?" काका म्हणाले. "जा तिकडेच. इथे काय ठेवलं आहे? नुसतं आभाळ."

मग श्रेयानं माझ्या हातातली यादी घेतली, मी पुढे केलेलं पेन परत केलं आणि माझ्या वहीत खोचलेली पेन्सिल काढली. पंधरा नंबरपुढे लिहिलं: श्रेया-निखिल.

"सध्या पेन्सिलनं असू दे," ती म्हणाली.

त्याला दोन आठवडे झाले. निरोपसमारंभाची तारीख कोणी विचारलेली नाही, मीही नाही. बुधवारी बाराला काकांचे चौदा फोन येतात आणि बारा वाजून दहा मिनिटांनी, असं ऐकते, त्यांना एक जातो.

यादी लॅमिनेट करायची राहिली आहे.