सेम्बावांगमार्गे फिनलंड

मी फक्त एक नकाशा विकत घेतला होता. गेलो होतो आमच्या लेकीच्या, वल्लरीच्या शाळेसाठी ग्राफबुक आणायला आणि घेऊन आलो उत्तर युरोपचा घडीचा नकाशा. (ग्राफबुक राहिलंच. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे देत नाही.) डायनिंग टेबलावर तो उलगडला तेव्हा नॉर्वे टेबलाच्या बाहेर लोंबायला लागला. तेवढ्यात प्रणिता, म्हणजे आमची सौभाग्यवती, निवडायची कोथिंबीर हातात तशीच धरून त्याच्यावर वाकली.

"हे काय रे?"

"काही नाही. गाडीनं जाता येतं म्हणे. आधी डेन्मार्क, मग पुलावरून स्वीडन, मग नॉर्वे आणि वरून वळसा घालून फिनलंड."

मला वाटलं, आता ग्राफबुकाचा विषय निघणार. पण तिनं नॉर्वेच्या किनाऱ्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू वर नेलं.

"शाळेत बाई गोदावरीच्या उपनद्या शिकवायच्या ना," ती म्हणाली, "तेव्हा मी ॲटलासमध्ये इथे बोट फिरवत बसायचे. एकदा तरी या रस्त्यानं जायचं होतं मला."

त्या दिवसापासून आम्ही सिंगापुरात बुकित पंजांगमध्ये फक्त भाडं भरत होतो. राहायला आम्ही पार उत्तरेला गेलो होतो. संध्याकाळी चहा घेऊन नकाशाशी बसलं की तळ्याकाठचं लाल लाकडी घर दिसायचं, मावळायला विसरलेला सूर्य दिसायचा, आणि त्या उन्हात प्रणिता पायरीवर शेंगा सोलताना दिसायची. (शेंगा कुठून आल्या हे स्वप्नाला विचारायचं नसतं.) सकाळी कंपनीच्या बसमधून जुरोंग आयलंडला जाताना मी डोळे मिटायचो. मग रिफायनरीच्या चिमण्यांची आपोआप पाइनची झाडं व्हायची. दोनदा मी त्या झाडांतून बसच्या शेवटच्या स्टॉपला जाऊन पोचलो.

अडचण एकच होती. ट्रिप आखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, पण जाणं मला आजवर जमलेलं नाही. लडाखचा माझा प्लॅन इतका सुंदर होता की ऑफिसातले दोघं त्या प्लॅनबरहुकूम जाऊन आले आणि त्यांनी मला फोटो पाठवले. त्यामुळे प्रणितानं अट घातली.

"शनिवारी गाडी भाड्यानं घे आणि दिवसभर चालव. न भांडता, ठरलेल्या रस्त्यानं घरी परत आलो तर लगेच तिकिटं काढायची. नाहीतर मी सुचित्राबरोबर कोच टूरला नाव देणार. आणखी एक वर्ष मी थांबणार नाही, निशिकांत."

सुचित्रा ही तिची सेम्बावांगची मैत्रीण. तिच्या त्या टूरमध्ये म्हणे चाळीस माणसं असतात, पुढे झेंडा घेतलेला गाइड असतो आणि जिथे जावं तिथे नाश्त्याला पोहे असतात. माझ्या तळ्याकाठच्या घरात चाळीस माणसं! मी अट मान्य केली.

लायसन्स माझ्याकडे होतं. इथं आल्यावर मोठ्या हौसेनं परीक्षा देऊन काढलं होतं. मग गाडीची किंमत ऐकून आम्ही मुकाट्यानं पुन्हा एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसलो, ते आजतागायत. खरा प्रश्न निराळाच होता. लांब पल्ल्याचा सराव करायला घ्यावा तर सिंगापूर मध्येच संपतं. म्हणून मी बेटाचे देश पाडले. जुरोंग म्हणजे डेन्मार्क, ईस्ट कोस्ट म्हणजे स्वीडन, चांगीकडून पुंगोलपर्यंत नॉर्वे आणि सेम्बावांग फिनलंड. फोनवरचा नकाशा बंद, कारण तिकडं वर सिग्नल मिळेलच असं नाही. कागदाचा नकाशा प्रणिताच्या मांडीवर. एसी अगदी खाली आणि डोक्याला कानटोप्या.

"पपा, ओव्हर देअर दे ड्राइव्ह ऑन द राइट साइड, लाह," मागून वल्लरी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "यू प्रॅक्टिस राँग साइड फॉर व्हॉट?"

"तत्त्व तेच असतं," मी म्हणालो. वयाच्या बाराव्या वर्षी मुलांनी इतकं खोलात जाऊ नये.

डेन्मार्क ठीक गेलं. एका बसवाल्यानं हॉर्न वाजवला, पण तो लांबलचक वाजवला नाही. स्वीडनला समुद्राकाठी थांबून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चड्डी-बनियनवर धावणारे एक गृहस्थ माझ्या कानटोपीकडे बघत बघत एका सायकलवर जाऊन आदळता आदळता वाचले. नॉर्वेत वल्लरी झोपली. प्रणिता म्हणायची, "पुढे डावीकडे," आणि मी डावीकडे वळायचो. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण तिनं सांगावं आणि मी ऐकावं असं इतका वेळ सलग कधी घडलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, आणि तिलाही वाटत असावं, कारण ती मधूनच गुणगुणत होती.

फिनलंडमध्ये सुचित्राच्या इमारतीकडे बघून मी विजयी मुद्रेनं हात हलवला आणि घराकडे निघालो. एक्स्प्रेसवे लागला. दोन्ही बाजूंना दाट झाडी होती, ऊन पिवळं झालं होतं, आणि झाडांमागे पाणी चमकल्यासारखं वाटलं.

"बर्च असतील का रे ही?" प्रणिता हळूच म्हणाली.

"बर्चच." (ती कसली झाडं आहेत हे मला अजूनही माहीत नाही.)

तिच्या मांडीवरचा नकाशा केव्हाच पायाशी घसरला होता. पुढच्या फाट्याला कुठे वळायचं हे तिनं सांगायला हवं होतं, पण ती फिनलंडमध्ये होती. पाटी मी वाचायला हवी होती, पण मीही तिच्याबरोबरच होतो.

थोड्या वेळानं गाड्या हळू झाल्या. पुढे रांगच रांग दिसत होती आणि बाजूनं मोटरसायकली सुळसुळ पुढे जात होत्या.

"फेरीबोटीची रांग," मी स्वप्नातच म्हणालो.

"आपण प्लॅनमध्ये फेरी धरली होती का?"

मागे वल्लरी जागी झाली. तिनं डोळे चोळले आणि पुढची पाटी वाचली. "पपा," ती म्हणाली, "दॅट वन इज मलेशिया."

मी ब्रेकवर इतका जोरात पाय दिला की दशम्यांचा डबा पुढे आला. शेवटचा एक्झिट मागे राहिला होता. डावीकडे लॉरी, उजवीकडे लॉरी, मागे अख्खं सिंगापूर शनिवारची मजा करायला निघालेलं.

"पासपोर्ट?" प्रणितानं विचारलं.

"कपाटात."

"कपाट?"

"घरात."

रांगेतून रांगत आम्ही सीमेवरच्या चौकीच्या खिडकीशी पोचलो. आतला अधिकारी थकलेला, पण सभ्य होता.

"सर, व्हेअर यू गोइंग?"

सकाळपासून माझ्या तोंडात एकच उत्तर घोळत होतं. मी म्हणालो, "फिनलंड."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कानटोपीकडे पाहिलं. मग प्रणिताच्या कानटोपीकडे. नंतर त्यानं पासपोर्ट मागितले. ते आणलेले नाहीत, कारण हा फक्त सराव आहे, असं मी त्याला समजावून सांगायला लागलो. त्यानं दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. त्यालाही मी डेन्मार्कपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. शेवटी वल्लरीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अंकल, माय फादर नेव्हर गो एनिव्हेअर वन. ही ओन्ली प्रॅक्टिस."

ते दोघांनाही ताबडतोब पटलं. मोटरसायकलवरच्या एका पोलिसानं आम्हाला प्लॅस्टिकच्या खांबांमधून वळवून बाहेर काढलं. आम्ही घराकडच्या रस्त्याला लागलो. वल्लरीचं वाक्य मला लागलं होतं, कारण ते खरं होतं. प्रणितानं तोंड खिडकीकडे वळवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ॲटलासवर बोट फिरवणारी ती मुलगी माझ्यामुळे रडत होती.

"दे सुचित्राकडे नाव," मी म्हणालो. "माझ्याच्यानं नाही होणार."

ती वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. इतकी हसत होती की तिला बोलता येईना. "फिनलंड!" एवढाच शब्द कसाबसा बाहेर पडला आणि ती पुन्हा खिडकीवर कोसळली.

गाडी परत देऊन मी वर आलो तेव्हा ती लॅपटॉप उघडून बसली होती. "ये," ती म्हणाली. "तिकिटं काढू. कोच टूर नको. ती झाडं मला आपल्याच गाडीतून बघायची आहेत."

मला भरून आलं. "तीन ना?"

"चार. पुण्याहून माझा सारंगदादा येतोय. आत्ताच फोन केला. गाडी तो चालवेल."

"बरं. मग मी नकाशा बघतो."

"नकाशा वल्लरी बघेल."

"आणि मी?"

तिनं खरोखर मनापासून विचार केला. "तू मागे खिडकीशी बस आणि सगळ्यांचे पासपोर्ट सांभाळ." मग म्हणाली, "नको. ते माझ्याकडेच राहू देत. तू नुसता बस."