मालूआत्यांचा डाग

मालूआत्या कलिंगडावर शिक्का मारतात.

आधी दोन बोटांनी टकटक करतात, कान लावतात, देठ बघतात. पसंत पडलं की पिशवीतून शाईचं पॅड आणि शिक्का काढून रोह्याच्या भर बाजारात त्या हिरव्या सालीवर जांभळा ठसा उठवतात : ‘तपासले’. कलिंगडवाला आता दचकत नाही. उलट म्हणतो, “आत्या, त्या बाजूच्यावर पण मारा की एक.” त्यावर त्या मारत नाहीत. “आतून पांढरा निघाला तर नाव माझा जाईल,” म्हणतात.

गॅसचं बिल, रेशनची पिशवी, नव्या चपलांचं खोकं, सगळ्यावर ‘तपासले’. आमच्या घरून गेलेला पोह्यांचा डबा परत येतो तेव्हा आत कागदाचा तुकडा असतो आणि त्यावर शिक्का. म्हणजे पोहे आवडले. कागद नसला की आई दिवसभर गप्प असते.

आम्ही रोह्याजवळ वरसेला राहायला आलो तेव्हा बाबांना धाटावला कंपनीत नोकरी होती आणि मला रोह्यात ओळखीचं कोणी नव्हतं. समोरच्या दारातल्या या बाईंना मी पहिल्या दिवशी ‘आंटी’ म्हणाले.

“आंटी कोणाला म्हणतेस गो? आंटीचा गुत्ता असतो. आत्या म्हण.”

एवढं बोलून त्यांनी माझा हात उलटा केला आणि तळव्यावर शिक्का मारला. मी पास झाले होते.

मालूआत्या एका शाळेच्या कार्यालयात लेखनिक होत्या. निवृत्त होताना शाळेचे सगळे शिक्के त्यांनी सही घेऊन परत केले. ‘तपासले’ तेवढा घरी आला. “तो शाळेचा नव्हताच, टेबलाचा होता,” असं त्या सांगतात. टेबलाचा म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. मी फारसं विचारत नाही. बघते.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. त्या शिक्क्याला धरायला मूठ नव्हती, साधा चपटा सागवानी ठोकळा होता. तो धरायची त्यांची रीत मात्र अजब. अंगठा लाकडाच्या डाव्या अंगाला घट्ट दाबलेला, पण उजव्या अंगाला बोटं टेकवायची नाहीत; नुसत्या नखांनी वरची कड पकडायची. चिंबोरी धरावी तशी, नांगीपासून बोटं वाचवत. शिक्का मारताना मनगट थरथरायचं, ठसा तिरका उठायचा. तिरक्या ठशाला त्या ‘डावरा’ म्हणायच्या. खरं तर नीट नसलेलं सगळंच त्यांच्या लेखी डावरं होतं. रस्त्यात आडवी लावलेली रिक्षा डावरी. एका बाजूने फुगलेली भाकरी डावरी. शिवीच ती, पण शिवी देताना माणूस इतक्या हळू आवाजात बोलत नाही.

खालच्या मजल्यावरच्या मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा आत्यांचे गुडघे धरले होते, त्यामुळे त्या गेल्या नाहीत. मी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी जिन्यात चार बायकांसमोर त्यांनी विचारलं, “काय गो, पोरीला डाग किती घातले?”

मी आठवून खरं ते सांगितलं. “एकच. चहाचा. पदरावर. पण धुतला की जाईल.”

आख्खा जिना हसला. डाग म्हणजे दागिना, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कितीतरी दिवस मालूआत्या मला दारात अडवून विचारत होत्या, “इंग्लिश शाळेत डाग नसतात व्हय गो?”

आणि नेमकं डागांवरूनच आमचं भांडण झालं.

मी घरी रबरी शिक्के बनवते. फुलं, पक्षी, ‘छान’, ‘आभारी आहोत’ वगैरे. रबर कोरते, लाकडी ठोकळ्यावर चिकटवते आणि फोनवरून विकते, कारण फोनवर गिऱ्हाइकाशी बोलावं लागत नाही, टाइप करता येतं. एकदा एका बाईंनी फोटो पाठवला : पहिल्याच वापरात ठोकळा जांभळा झाला होता. ‘इतक्या सुंदर लाकडावर डाग,’ असं लिहून खाली रडका चेहरा. मी ठरवलं, यापुढे लाकूड पॉलिश करून बंद करायचं, म्हणजे शाई आत मुरणार नाही.

ठोकळे मी पेणच्या रामवाडीतल्या एका सुतारांकडून कापून आणते. पेणला जायचं म्हटलं की मालूआत्या तयार. काम काही नसतं. एसटीत खिडकीशी बसतात, आणि पेण जवळ आलं की पदर नीट करतात.

सुतार म्हणाले, “पॉलिशचे दोन हात मारले का लाकूड बंद. शाई वरच्या वर पुसा. दहा वर्षं डाग नाय पडायचा.”

“मग दहा वर्षं त्या लाकडाने करायचं काय?” मालूआत्या म्हणाल्या.

“आत्या, गिऱ्हाइकाला स्वच्छ हवं असतं,” मी म्हटलं.

“मग गिऱ्हाइकाला सांग, शिक्का शोकेसमध्ये ठेव. लाकूड काय दुकान हाय, बंद करायला?”

“पण तुमच्या रिमोटला प्लास्टिक आहे. फ्रिजच्या हँडलला रुमाल आहे. छत्रीला पिशवी आहे आणि त्या पिशवीला पिशवी आहे.”

सुतार रंधा थांबवून ऐकू लागले. मालूआत्यांनी क्षणभर विचार केला. “रिमोट टीव्हीचा हाय,” त्या म्हणाल्या. “शिक्का हाताचा असतो.”

परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरलाही मत विचारलं. तो म्हणाला, पुढे सरका.

मीही हट्टी आहे. माझ्या हट्टाला फक्त आवाज नसतो. घरी येऊन मी ठोकळ्यांना पॉलिश दिलं. रबर चिकटवायची बाजू तेवढी कोरी ठेवली, कारण पॉलिशवर गोंद धरत नाही. सुकल्यावर एक ठोकळा आत्यांच्या दारात नेऊन दिला. त्यांनी तो शाईत लोळवला, फडक्याने पुसला. लाकूड जसंच्या तसं. पुन्हा लोळवला, पुन्हा पुसला. मग माझ्याकडे परत देत म्हणाल्या, “निगरगट्ट हाय.”

मला वाटलं, मी जिंकले.

काही महिन्यांनी त्यांच्या शिक्क्याचं रबर जीर्ण झालं. आधी तडे गेले, मग मधला ‘स’ गळून पडला, आणि आमच्या डब्यात ‘तपा ले’ येऊ लागलं. जिन्यातल्या बायका विचारू लागल्या, “आत्या, काय तापलं?” आठवडाभर कलिंगडं बिनशिक्क्याची आली. शेवटी एका दुपारी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत पिशवी, त्यात रुमाल, रुमालात शिक्का.

“रबर नवा घाल. लाकडाला हात लावायचा नाय.”

“हात न लावता कसं बसवू?”

त्यांनी रुमालातला ठोकळा उलटासुलटा केला. मग म्हणाल्या, “बरं. ह्या अंगाला लाव. उजव्या अंगाला नाय लावायचा.” आणि जिना चढून कोणी येतंय असं वाटून घाईने आपल्या दारात शिरल्या. कोणी येत नव्हतं.

मी ठोकळा खिडकीशी नेला. डावं अंग काळपट जांभळं होतं, अंगठ्याच्या आकाराचं, थरावर थर चढलेलं. हा आत्यांचा अंगठा. उजव्या अंगाला, जिथे त्यांचं बोट कधीच टेकत नाही, तिथेही एक डाग होता. मोठा, रुंद, फिकट होत चाललेला. चार बोटांचा नव्हे, एकाच अंगठ्याचा. उजव्या हाताने शिक्का धरणाऱ्या माणसाचा अंगठा तिथे पडूच शकत नाही.

तो डावऱ्या माणसाचा अंगठा होता.

जुनं रबर काढायला मी नेहमी थिनर वापरते. आज आधी एका शाई लागलेल्या तुकड्यावर थिनरचा थेंब टाकून बघितला. जांभळ्याचं पाणी झालं आणि वाहून गेलं. बाटली बंद करून मी बाहेर गॅलरीत ठेवून आले. मग ब्लेडने, कोरडंच, तांदळाएवढे तुकडे काढत ते रबर सोडवलं. आई दोनदा चहाला हाक मारून गेली. उजव्या अंगाला मी बोट लावलं नाही. ठोकळा धरायला मलाही चिंबोरीचीच पकड करावी लागली. संध्याकाळी नवं ‘तपासले’ बसलं.

मी समोरचं दार वाजवलं. ठोकळा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि, मी फारसं विचारत नाही तरी, विचारलं. “आत्या, हा कोणाचा?”

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, प्लास्टिकवरूनच.

“डावरा होता,” त्या म्हणाल्या. “पेणवरून यायचा, सकाळच्या एसटीने. टेबल एक, शिक्का एक. मी ह्या अंगाने मारायची, तो त्या अंगाने. सगळा तिरका. मी रागवायची. विचारील, विचारील म्हणता म्हणता रिटायर झाला. मग वारलाच.”

“आणि तुम्ही? तुम्ही नाही विचारलंत?”

“तेच तर. मी काय शिक्का होते गो, दुसऱ्याने उचलल्याबिगर हलायचं नाय?”

त्यांनी मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला. “माझ्या अंगावर डाग नाय एक पण. हाय तो हा.”

या वेळी मला कोणी अर्थ सांगावा लागला नाही.

थोड्या वेळाने मी म्हटलं, “आत्या, हा फिका पडतोय. पावसाळ्यात आणखी जाईल. पॉलिश लावलं तर ओघळेल, पण नुसतं मेण चोळून बंद करता येईल. डाग पडू नये म्हणून नाही. पडलेला जाऊ नये म्हणून.”

त्यांनी ठोकळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भांडणात हरल्याचं कबूल करायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला.

“त्याचा बंद कर,” त्या म्हणाल्या. “माझा उघडा राहू दे. मी अजून चालू हाय.”

मी मेण आणलं आणि त्यांच्यासमोरच, त्या ‘हळू गो, हळू’ म्हणत असताना, उजव्या अंगावर मऊ कापडाने चोळलं. डाग ओला झाल्यासारखा गडद दिसू लागला. मालूआत्यांनी ठोकळा उचलला. अंगठा डाव्या अंगाला बसला. बोटं सवयीने वरच्या कडेशी गेली, तिथे थांबली, आणि मग एकेक करून खाली, त्या डागावर टेकली.

“हात दे,” त्या म्हणाल्या.

मी तळवा पुढे केला. शिक्का या वेळी पूर्ण मुठीत होता, मनगट स्थिर होतं, तरी ठसा तिरकाच उठला.

“डावरा,” त्या हळूच म्हणाल्या.