ढोक सरांचा उजवा दिवा

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याला ठाम निर्णय घ्यावाच लागतो. ढोक सरांच्या आयुष्यात हा क्षण दोन हिवाळे चालला.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत आणि बायकोसोबत, म्हणजे आमच्या काकूंसोबत, शहराबाहेर वाडीला ट्रकांच्या गोदामांजवळ राहत. वरच्या खोलीत मी भाडेकरू. त्यांच्या जुन्या मोटारीचा उजवा हेडलाइट फुटला. इतर लोक नवा आणतात. सरांनी घरी बनवायचा ठरवला, तोही एलईडीचा. टेपरेकॉर्डरवर गाण्याबरोबर नाचतात ना, ते लाल ठिपके! सीताबर्डीच्या बाजारातून त्यांनी ते मूठमूठ आणले, ताटलीएवढ्या पत्र्यावर ओळीने बसवले. अडलं सर्किटपाशी. या दिव्यांना करंट बेताने लागतो. तो साध्या रेझिस्टरने द्यायचा, की ट्रान्झिस्टरचं सर्किट बांधून?

"ठरलं का, सर?" मी जिन्यातून विचारी.

"विचार करून राहिलो गा. करंट देनं सोपं हाये. शिस्तीत देनं कठीन."

दिवाळीत रेझिस्टर जिंकत आला होता. संक्रांतीला ट्रान्झिस्टरने उचल खाल्ली. गोदामातले हमाल चहा पिताना विचारत, "सर, आज कोन पुढं?" सर त्यांनाही संपूर्ण उत्तर देत. चहा निवून जाई.

एका रविवारी संध्याकाळी अंगणात बसलो असताना मी वैतागलो. "लावून टाका ना रेझिस्टर. पेटतो ना दिवा?"

"पेटते. पन गाडी हळू झाली का मंदावते. आपल्या वळनावर तर विझल्यासारखाच."

"मग काय बिघडलं?"

"काहून? तिथंच तर तो दिसला पाह्यजे!"

"कोणाला?"

सर फाटकाकडे पाहू लागले. तेवढ्यात वळणावरून उजेड आला, भिंतीवरून सरकला, आणि तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या काकू गुडघ्यावर हात देत उठल्या. फाटक उघडायला.

"अवं, मी इथंच हावो!" सर ओरडले. काकूंना ऐकू कमी येई. हॉर्नसुद्धा पोचत नसे. त्यांनी फाटक उघडलं. विटांचा ट्रक धूळ उडवत पुढे गेला. त्यांनी फाटक लावलं, वळून सरांना पाहिलं आणि हसल्या. "सवय हो, दुसरं काय!"

"पाह्यलं?" सर मला हळूच म्हणाले. "रोज हेच. दर ट्रकले उठते. गुडघे गेले तिचे."

त्याच आठवड्यात ट्रान्झिस्टर जिंकला.

त्यानंतरच्या सोमवारी मी मुद्दाम खिडकीत उभा राहिलो. एक ट्रक गेला, मागोमाग दुसरा गेला. काकू शेंगा सोलत राहिल्या. मग भिंतीवर लाल उजेड पडला, संथ, जराही न थरथरणारा. काकूंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि उठल्या. समोरून पाहणाऱ्याला मोटार उलटी येते आहे असं वाटे, पण आत सर ताठ बसले होते.

रस्ता दिसण्यासाठी ते डावीकडचा जुनाच दिवा वापरत.